संस्था काढ, पण आडवी पडूनच

पत्र असं आहे:

"काकू, मी ३६ वर्षांची, ऐरोलीत राहते. २०२१ च्या एप्रिलमध्ये घरात सगळ्यांना कोविड झाला. बाकीचे उठले, मी काही उठले नाही. दोन वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवल्यावर एका डॉक्टरांनी नाव सांगितलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम, एमई असंही म्हणतात. त्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेला होता, त्यानंतर पाच महिने अंथरुणात काढले. आयटीतली नोकरी सुटली. आता दिवसाकाठी दीड-दोन तास बसून काही करू शकते. इंग्लंडमध्ये या आजाराच्या रुग्णांनीच चालवलेल्या संस्था आहेत, त्यांची माहितीपत्रकं वाचून मला धीर आला. फोनाफोनी करून ठाणे-नवी मुंबईतले आम्ही अकरा जण जमलो आहोत. सीवूड्सचे एक निवृत्त काका आहेत, त्यांची मुलगी आजारी आहे. ते म्हणतात, लगेच रजिस्ट्रेशन करू आणि १२ मे ला, या आजाराच्या जागृती दिनी, वाशीत हॉल घेऊन मेळावा करू. नवरा म्हणतो, आधी स्वतःचा चहाचा कप विसळता येतो का बघ. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी दमायला सवड नव्हती. (एरवी त्या चांगल्या आहेत. दुपारभर अख्ख्या खानदानाला फोन करत बसतात.) मी काय करू? हे पत्र नऊ दिवसांत, उशीला टेकून फोनवर टाइप केलंय, चुका पोटात घाला. — व., ऐरोली"

व.,

तू काकू म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते. नऊ दिवसांत लिहिलेल्या पत्राचं उत्तर एका बैठकीत वाचू नकोस. एवढंच वाचून फोन ठेवलास तरी काम भागावं म्हणून आधीच सांगते: काढ संस्था. फक्त रजिस्ट्रेशनची घाई आत्ता नको, आणि वाशीचा हॉल तर नकोच नको.

आता सावकाश.

नवऱ्यावर रागावू नकोस. कपाचं बोलणं लागलं असेल, पण त्यात निम्मं खरं आहे. या आजाराची मुख्य खूणच अशी, की झेपेल त्यापेक्षा जरा जास्त केलं की शरीर वसुली करतं, आणि तीही लगेच नाही. वाण्याच्या वहीसारखं. आज सामान उचललं, हसतखेळत घरी आलो; परवा वाणी दारात, व्याजासकट. बारा तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी अंगातलं त्राण जातं, घसा धरतो, डोकं चालेनासं होतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, आणि हे दिवसच्या दिवस चालतं. तुम्ही त्याला 'क्रॅश' म्हणता. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानाचे निकष मांडले, तेव्हा हे लक्षण असल्याशिवाय निदान करू नये असंच ठरवलं. आता संस्था म्हणजे काय? फोन, हिशेब, रुसवेफुगवे. डोक्याचे श्रमही त्या वहीत चढतातच. नवऱ्याने तुला पाच महिने अंथरुणात बघितलंय. त्याला ते पुन्हा बघायचं नाहीये, एवढाच त्याच्या बोलण्याचा अर्थ मी घेते.

सासूबाईंच्या बोलण्यात दोष त्यांचा कमी आणि नावाचा जास्त. 'फटीग' म्हटलं की आपण 'थकवा' म्हणतो, आणि थकवा कोणाला नाही? संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून 'थकलेल्यांनी हात वर करा' म्हटलं, तर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायला निघालेली अख्खी गर्दी हात वर करेल. आपल्याकडे शीण आहे, मरगळ आहे, आंबलेलं अंग आहे. पण ते सगळं एक रात्र झोपलं, गरम पाण्याने आंघोळ केली की उतरतं. दहा तास झोपून उठल्यावर निजताना होतं त्याहून वाईट वाटतं, याला आपल्याकडे शब्दच नाही. आणि शब्द नाही म्हणजे लोकांच्या लेखी गोष्टच नाही.

म्हणून तुमच्या गटाचं पहिलं काम मी असं सुचवते: घरच्यांसाठी मराठीत एक पान. एकच. अक्षर मोठं, आणि 'थकवा' हा शब्द त्यात कुठेही नाही. सोपं वाटतंय ना? मी काल दुपारी बसले होते लिहायला, तिसऱ्या ओळीत अडकले. तुम्ही अकरा जण रोज एकेक ओळ लिहिलीत तर माझ्यापेक्षा बरं जमेल.

तू जी पत्रकं वाचलीस, त्यांच्यामागची गोष्ट तुला तुकड्यातुकड्याने माहीत असेल. सासूबाईंना आणि सीवूड्सच्या काकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले, बहुतेक तिथलेच डॉक्टर, नर्स. हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर मेल्विन रॅमसे यांनी त्या रुग्णांचा पिच्छा पुढची कित्येक वर्षं सोडला नाही. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला मज्जासंस्थेच्या आजारांत जागा दिली. आणि पुढच्याच वर्षी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून, एकही रुग्ण न तपासता लिहिलं की ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. त्यांच्या पुराव्यांतला एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या! हे वाचताना मी मटार सोलत होते. दाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात गेली.

त्यानंतर रुग्ण बोलायला लागले. १९७६ साली एमई असोसिएशन उभी राहिली, १९८७ साली अ‍ॅक्शन फॉर एमई. ज्यांना घराबाहेर किंवा अंथरुणाबाहेरही पडता येत नाही अशांची वेगळी संस्था निघाली, तिचं नावच 'ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट एमई ग्रुप', कारण रुग्णांपैकी साधारण पाव हिस्सा इतका आजारी असतो. हे नाव मला फार आवडतं. सभेला कोण येऊ शकत नाही, ते पाटीवरच लिहिलंय.

पण या संस्थांचं खरं काम मला दिसतं ते या आजारावरच्या उपचारांच्या, पेस नावाच्या चाचणीच्या वेळी. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड खर्च, २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल: टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेला आणि विचार बदलणारी समुपदेशनाची थेरपी दिली, की रुग्ण सुधारतात. दोन वर्षांनी म्हटलं, २२ टक्के बरे होतात. तुला जो व्यायाम सांगितला गेला त्याचं मूळ याच विचारात आहे. रुग्ण म्हणत होते, अहो, आम्ही याने आणखी आजारी पडतोय. त्यांनी आकडे उलगडून बघितले तर त्यात एक गंमत सापडली. चाचणीत प्रवेश मिळायला शारीरिक क्षमतेच्या प्रश्नावलीत ६५ किंवा त्याहून कमी गुण हवे होते, आणि शेवटी त्याच प्रश्नावलीत ६० मिळाले की त्या निकषावर माणूस 'बरा'. म्हणजे ६५ ला नापास म्हणून वर्गात घेतलं आणि ६० ला पास करून सोडलं! मूळ आराखड्यात ही रेषा ८५ वर होती. ती मध्येच खाली आणली गेली.

मग ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलेम मॅथीस या रुग्णाने, स्वतः इतका आजारी असताना, ब्रिटनच्या माहिती अधिकाराखाली चाचणीची मूळ आकडेवारी मागितली. चाचणी करणाऱ्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, आणि २०१६ साली आकडेवारी द्यावी लागली. मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा मोजलं तेव्हा २२ टक्क्यांचे झाले एक आकडी टक्के. आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या: ठरावीक मापाने वाढवत नेणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नका. समुपदेशन द्यायचं तर आजाराशी जुळवून घ्यायला मदत म्हणून द्या, त्याने आजार बरा होतो असं सांगू नका. तू व्यायाम नेमका कधी वाढवत होतीस ते पत्रात नाही, पण हा कागद तेव्हा निघाला असण्याचा संभव बराच आहे. तुझ्या डॉक्टरांपर्यंत तो पोचला नव्हता. तुमच्या संस्थेची गरज मला तिथे दिसते.

तरी या परदेशी संस्थांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. त्याच पेस चाचणीच्या आखणीत अ‍ॅक्शन फॉर एमई सहभागी होती, आणि त्यावरून रुग्णांचा भरपूर रोष तिने ओढवून घेतला. पुढे तीच संस्था एडिंबरा विद्यापीठाबरोबर डीकोड-एमई या मोठ्या जनुकीय अभ्यासात उतरली. यावेळी रुग्ण अगदी आखणीपासून टेबलाशी बसले, आणि १५,५७९ रुग्णांच्या डीएनएवरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये जनुकसंचातल्या आठ जागा पुढे आल्या, जिथे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यात फरक दिसतो. औषध यातून उद्या निघणार नाही. पण डीएनएचे नमुने लोकांनी घरी बसून लाळेतून पाठवले, कोणाला लंडनची गाडी पकडावी लागली नाही, ही गोष्ट लक्षात ठेव.

त्यावरूनच हॉलकडे येते. काकांना बोलव आणि विचार: वाशीच्या मेळाव्याला अकरातले किती येतील? तू ऐरोलीहून गाडीत बसशील, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा करत वाशीला उतरशील, वर हॉलमधला माइक आणि ट्यूबलाइट. जाशील, बोलशील, टाळ्या घेशील. आणि पुढचे तीन आठवडे? जी खरी अंथरुणाला खिळलेली आहे, म्हणजे काकांचीच मुलगी, ती तर येणारच नाही. मग मेळावा कोणाचा? फोटोत काका, नगरसेवक आणि शाल.

२०१६ पासून जगात ठिकठिकाणी रुग्णांनी 'मिलियन्स मिसिंग' नावाची निदर्शनं केली. येऊ न शकणाऱ्या रुग्णांनी आपले बूट पाठवले, आणि ते रिकामे बूट चौकात ओळीने मांडले. कल्पना सुंदरच. पण इथे जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे दाराबाहेर चपलांची रांग दिसली की लोक समजतात आत सत्यनारायण आहे.

आता रजिस्ट्रेशन. माझ्या बहिणीच्या आजारपणामुळे मी एका रुग्णमंडळात सात वर्षं खजिनदार होते. आजार वेगळा, नाव सांगत नाही. आम्हीही तिसऱ्या महिन्यात रजिस्ट्रेशन केलं. लेटरहेड छापलं, पावतीपुस्तकं छापली, पेढे वाटले. मग सचिवांची तब्येत बिघडली आणि त्यांनी राजीनामा दिला. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे आम्हाला माहीत होतं. पण ते काम सचिवांचं होतं, आणि सचिवच नव्हते. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत, आणि तिघांतले दोघे एकाच वेळी हॉस्पिटलात. चौदा हजार रुपये खात्यात असून मी व्याख्यात्यांचं मानधन माझ्या भिशीतून दिलं. मंडळ भांडणाने मोडलं नाही गं, कागदांनी मोडलं. शेवटची पावतीपुस्तकं अजून माझ्या माळ्यावर आहेत, अर्धी कोरी. नातू मागे किराणा दुकान खेळायला घेऊन गेला होता.

सोसायटी म्हणून नोंद करायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासणी, सभा, इतिवृत्त. तुम्ही अकरा, त्यातले उभे राहू शकणारे किती? वर्षभर बिननोंदणीचा गट चालवा. पैसे गोळाच करू नका, म्हणजे हिशेबाचा प्रश्न येत नाही. वर्षाने वाटलं तर नोंदणी करा, पण सह्यांचे आणि कागदांचे अधिकार घरच्या धडधाकट माणसांकडे द्या आणि काय करायचं ते ठरवण्याचा अधिकार रुग्णांकडे ठेवा. पाय त्यांचे, डोकं तुमचं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि घरची माणसं मिळून काम करतात. एखादा फोन त्यांना कर. आजार निराळा असला तरी सभासद थरथरत्या हातांचे असताना मंडळ कसं चालतं, हे त्यांना विचारण्यासारखं आहे.

काकांना अध्यक्ष करू नका. त्यांचा उत्साह फुकट घालवायचा नाही, म्हणून सांगते. मराठीतलं घरच्यांचं पान झालं की डॉक्टरांसाठी दुसरं पान करा, त्यात नाइसची २०२१ ची सूचना ठळक. ते घेऊन काकांनी ठाणे-नवी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावं, आठवड्याला दोन. भांडायचं नाही, पान ठेवायचं, नमस्कार करायचा. त्या पानात हेही असू द्या की थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, झोपेतला श्वासाचा त्रास, टीबी हे आधी तपासा, आणि उभं राहिल्यावर नाडी किती वाढते ते दहा मिनिटं मोजा. मोठ्या माणसात ती ३० ने किंवा जास्त वाढून तशीच राहत असेल तर त्याला पॉट्स म्हणतात, तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांत सापडतो आणि त्यावर काहीतरी उपाय तरी असतात. तुझी मोजली आहे का कोणी? नसेल तर संस्था राहू दे, आधी ते.

गटाचे नियम तुम्हीच ठरवाल, पण माझे चार शब्द ऐक. महिन्यातून एकदा अर्धा तास, फोनवर, सगळे आडवे, कॅमेरा बंद. आवाजी निरोप दोन मिनिटांच्या वर नको. ऐकणाऱ्याचीही वही भरते. प्रत्येक काम जोडीला द्या, एक पडली तर दुसरी धरेल. तीन आठवडे कोणाचं उत्तर आलं नाही तर तो अपमान समजायचा नाही, असं लिहूनच ठेवा. पण दोन दिवस उत्तर नसेल तर घरच्या माणसाला एक फोन मात्र करायचा. औषधाचा डोस कोणी कोणाला सांगायचा नाही. आणि कोणी काढा, पावडर, 'एकवीस दिवसांत एनर्जी' असला कोर्स विकायला आलं की त्याच दिवशी गटाबाहेर, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. आजारी माणसांचा गट म्हणजे अशांना आयतं गिऱ्हाईक.

लोकांना खोटी आशाही दाखवू नका. नवीन सभासद पहिल्याच फोनवर अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारतील. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. आजच्या घडीला दाखला मिळवून देतो असं म्हणू नका.

मन खचलं तर ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे किंवा आणखी कुठे जायला संकोच नको. आधी आजार आला, मग मन खचलं, हा क्रम घरच्यांच्या पानात असाच लिहा. तो उलटा लावल्यामुळेच तुम्हा लोकांची इतकी वर्षं वाया गेली.

राहिल्या सासूबाई. दुपारभर फोन करतात म्हणालीस. तुमच्या अकरांपैकी सगळ्यात आजारी कोण, तिच्या आईला किंवा नवऱ्याला आठवड्यातून एक फोन हवा असतो. आजाराविषयी काहीच बोलायचं नाही: भाजी काय केली, नळाला पाणी आलं का, बाई कामावर येते का. हे तुला जमणार नाही, तुझे दीड तास त्यात जातील. सासूबाईंना जमेल, त्या तुझ्याहून बऱ्या बोलतात. आजार काय ते त्यांना समजावत बसू नकोस, नुसता काकांच्या घरचा नंबर दे आणि म्हण, 'आई, ती माऊली दिवसभर मुलीच्या खोलीचे पडदे ओढून बसलेली असते, जरा बोलाल का?' शनिवारी चार वाजता, तू झोपलेली असतेस तेव्हा.